नाळेतल्या खणातले डबे: उरलेला रंग बोटीवर ठेवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरातलं आहे. बोटीच्या मालकाच्या संमतीने लिहितो आहे. बोट, माणसं किंवा बंदर ओळखू येईल असा तपशील गाळला आहे. मी बोटींच्या दुरुस्तीच्या आणि तपासणीच्या कामात आहे. बोट परत आल्यावर मालकांनी बोलावलं तेव्हापासूनचं सगळं मी स्वतः पाहिलं. समुद्रावर असताना नाळेतल्या खणात आग धुमसली, त्या रात्रीची हकिगत मात्र तांडेल (बोटीचा प्रमुख) आणि खलाशी यांच्याकडून वेगवेगळी ऐकून जुळवली आहे.

बोट लाकडी ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढत मासेमारी करणारी, पंचेचाळीस फुटांच्या आसपास. मागे सुकाणूची केबिन आणि तिच्या पाठीला उघड्यावर गॅसची शेगडी. मधे बर्फाचे आणि मासळीचे खण, त्यांना आतून फायबरचं अस्तर. पुढे नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, खलाशांची झोपायची जागा आणि तिच्याही पुढे, दोन्ही बाजूच्या फळ्या जिथे एकत्र येतात तिथे, एक चिंचोळा खण. झोपायची जागा आणि हा खण यांच्यामधे प्लायचं पार्टिशन, त्याला वरच्या बाजूला हात जाईल एवढ्या फटी. खणात जायला वरून डेकवर एक झाकण. बोटीवर तांडेल धरून आठ माणसं, त्यातले चौघे नेपाळचे.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बोट वर ओढायची, शाकारायची, आणि सुतारकाम, फायबरकाम, इंजिनकाम उरकायचं ते याच काळात. रंग मात्र पावसाने उघडीप दिल्याशिवाय लावता येत नाही, त्यामुळे तो नेहमी शेवटच्या आठवड्यावर येतो. त्या वर्षीही तसंच झालं. उघडीप मिळाली ती बोट पाण्यात ढकलायच्या उधाणाच्या तोंडावर. ते उधाण चुकलं असतं तर पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस बोट किनाऱ्यावरच राहिली असती, आणि हंगामाचे पहिले पंधरा दिवस म्हणजे कोलंबीचे दिवस. केबिनला दुसरा हात सकाळी बसला आणि दुपारच्या भरतीला बोट पाण्यात गेली.

उरलेले डबे तेव्हा वाळूवर पडलेले होते. मालकांची शेड जाळ्यांनी भरलेली, मच्छीमार सोसायटीचं गोडाऊन गळकं, आणि उघड्यावर ठेवलेला रंग सकाळी जागेवर सापडत नाही. कुणीतरी म्हणालं, टाका नाळेत. ते कोण म्हणालं हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकलं ते हे. ज्या गोष्टीने आठ माणसं धोक्यात आली ती गोष्ट कुणी ठरवलेलीच नव्हती.

खणात काय होतं

बोट परत आल्यावर खण रिकामा केला तेव्हा प्रत्येक डबा मी हातात घेऊन पाहिला.

निळा, पांढरा आणि पिवळा इनॅमल, तिन्ही अर्धेमुर्धे. रेड ऑक्साइड प्रायमरचा एक डबा, तळाशी गंजून चाळणीसारखा झालेला. बुडाला लावायचा अँटिफाउलिंग रंग दोनेक लिटर. पाच लिटरचा एनसी थिनरचा (रंग पातळ करायच्या, झटकन उडणाऱ्या द्रवाचा) कॅन, झाकणाच्या आतला वॉशर गळून पडलेला. मिनरल टर्पेंटाइन पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत. केबिनच्या दारासाठी आणलेला व्हार्निशचा डबा, आणि सुकाणूच्या चाकाला व लाकडी कठड्याला चोळण्यासाठी आणलेलं जवसाचं डबल बॉईल तेल. शिवाय फायबरच्या कामातून उरलेला थोडा रेझिन (फायबरला घट्ट धरणारा चिकट द्रव), त्याला घट्ट करणाऱ्या कॅटलिस्टची पांढरी बाटली आणि तिला टेकूनच, ती क्रिया वेगाने घडवणाऱ्या जांभळ्या कोबाल्टची बाटली. हे सगळं दोरांच्या गुंडाळ्यांवर आणि फ्लोटच्या गाठोड्यावर ठेवलेलं, काहीही बांधलेलं नाही.

इनॅमलच्या डब्यांची झाकणं स्क्रूड्रायव्हरने उचकटून एका बाजूला वाकलेली होती आणि नंतर टाचेने दाबून बसवली होती. डब्याच्या काठाच्या खाचेत रंग सुकलेला असला की झाकण वरून बसल्यासारखं दिसतं आणि बोट एका कुशीवर गेली की निघतं. पिवळ्या डब्यावर असा सुकलेला रंग इतका जाड होता की झाकण आणि काठ यांच्यामधून नख जात होतं.

पहिली खूण

हंगामाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांमधेच नाळेत झोपणाऱ्या पोरांनी डोकं दुखतं अशी तक्रार केली होती. एकाला सकाळी मळमळायचं. तांडेलाने त्यांना वर डेकवर झोपायला सांगितलं, आणि पाऊस आला की ती पुन्हा खाली जायची. वास कुठून येतो हे कुणी शोधलं नाही. ताज्या रंगाच्या बोटीला महिनाभर वास येतोच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. शिवाय थिनरच्या वासाची नाकाला सवय होते. खाली अर्धा तास बसलेल्या माणसाला तो जाणवेनासा होतो आणि वरून नव्याने उतरणारा मात्र दचकतो.

लावलेला इनॅमल दोन-तीन दिवसांत वाळतो आणि हवेशीर जागी त्याचा वास आठवड्याभरात पुष्कळ कमी होतो. तीन आठवड्यांनीही वास तितकाच असेल तर तो भिंतीवरच्या रंगाचा नसतो, कुठल्यातरी डब्याचा असतो. ही एवढी गोष्ट माहीत असती तर प्रकरण इथेच मिटलं असतं.

त्या दिवशी काय झालं

बोट वीस वाव, म्हणजे सुमारे १२० फूट, खोल पाण्यात होती. दुपारी समुद्र चढला, बोट लोळायला लागली, आणि खणातले डबे उलटले. पिवळा इनॅमल सांडला, व्हार्निश सांडलं, तेलाचा डबा आडवा होऊन अर्धा रिकामा झाला. दोरांचं नुकसान होईल म्हणून एका खलाश्याने खाली उतरून सगळं पुसलं. जुने बनियन, चिंध्या, गोणपाटाचे तुकडे. पोरगा कामसू. त्याने फळ्या कोरड्या केल्या, चिंध्या एका सिमेंटच्या रिकाम्या गोणीत कोंबल्या, गोणीचं तोंड बांधलं आणि गोणी खणातच ठेवली. समुद्रात काही टाकायचं नाही असा तांडेलाचा नियम आहे आणि तो चांगला नियम आहे. पण तेलकट चिंध्यांचं काय करायचं हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

जवसाचं तेल आणि तेलावर बनलेलं व्हार्निश हे पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाहीत. हवेतला ऑक्सिजन ओढून घेत ते घट्ट होतात आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. फळीवर पातळ थर असतो तेव्हा ती उष्णता हवेत निघून जाते. चिंध्यांमधे तेच तेल हजारो धाग्यांवर पसरतं, हवा भरपूर मिळते, आणि चिंध्या कोंबून ठेवल्या की उष्णतेला बाहेर जायला वाट राहत नाही. आतलं तापमान वाढलं की क्रिया आणखी वेग घेते. काही तासांत चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. ठिणगी लागत नाही, बिडी लागत नाही. जगभर सुतारांच्या आणि रंगाऱ्यांच्या कारखान्यांना अशा आगी लागलेल्या आहेत.

रात्री जेवणं झाली होती, जाळं आत होतं आणि बोट नांगरावर होती. मागे एकजण चहा ठेवत होता. नाळेत झोपायला गेलेला पोरगा वर आला आणि म्हणाला, ‘‘दाजू, खाली तेल करपल्यासारखा वास मारतोय.’’ त्याने पार्टिशनला हात लावला होता. प्लाय एका जागी कोमट होतं.

तांडेलाने घेतलेले निर्णय

तांडेलाचं पहिलं वाक्य होतं, ‘‘गॅस बंद कर. बाटल्याचा पण.’’ म्हणजे शेगडीचा आणि सिलिंडरचाही. त्या रात्रीचा सगळ्यात मोलाचा निर्णय माझ्या मते हाच. नांगरावर असलेली बोट वाऱ्याला तोंड करून उभी राहते. नाळेतलं झाकण उघडलं की आतली वाफ वाऱ्याबरोबर सरळ मागे, शेगडीकडे येणार. चहा उकळत असताना झाकण उघडलं असतं तर काय झालं असतं याचा हिशेब मांडता येतो.

एनसी थिनरमधे टोल्युइन, ॲसिटोन असले द्रव असतात. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून पेटण्याजोगी वाफ सुटते तो) ४ अंश सेल्सिअस, ॲसिटोनचा शून्याच्याही खाली, म्हणजे कोकणातल्या कुठल्याही हवेत त्यांची पेटण्याजोगी वाफ तयारच असते. मिनरल टर्पेंटाइनला ३५ ते ४० अंश लागतात, आणि उन्हात तापलेल्या डेकखालच्या बंद खणात तेवढंही होतं. टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असते, त्यामुळे ती वरच्या फटींतून निघून जात नाही, तळाशी साचते. हवेत तिचं प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास पोचलं की ठिणगीला ती पेटते. हा खण सुमारे तीन घनमीटरचा. त्यात ते प्रमाण गाठायला दीडशे मिलीलिटर थिनर पुरतो, चहाचा एक मोठा कप. कॅन पाच लिटरचा होता आणि त्याची पातळी, मालकांच्या आठवणीप्रमाणे, बरीच उतरलेली होती.

दुसरा निर्णय, कुणीही बटण दाबायचं नाही. केबिनमधला बल्ब लागलेला होता तो तसाच राहू दिला, नाळेतला दिवा लावू दिला नाही. इंजिन बंद होतं, ते बंदच ठेवलं. बिड्या विझवल्या. सगळ्यांना मागे घेतलं.

तिसरा निर्णय अवघड होता. खणाचं झाकण उघडायचं की बंद ठेवायचं? दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. बंद ठेवलं तर धुमसणाऱ्या गोणीला हवा कमी मिळते, पण गोणी तापत राहते आणि शेजारी थिनरची वाफ आहे. उघडलं तर वाफ निघून जाते, पण गोणीला एकदम ताजी हवा मिळते आणि धूर असलेलं ज्वाळेत बदलू शकतं. तांडेलाने झाकण थोडं उचलून बादलीभर समुद्राचं पाणी धुराच्या दिशेने ओतलं, मग पुरतं उघडलं, पुन्हा दोन बादल्या. मग बांबूला बांधलेल्या आकड्याने गोणी ओढून काढली आणि मासळीच्या निळ्या ड्रममधे, पाण्यात बुडवली. गोणी पाण्यात गेली तेव्हा चर्र आवाज झाला असं तिघांनी वेगवेगळं सांगितलं. मी नंतर पाहिल्या त्या चिंध्या बाहेरून पिवळ्या होत्या आणि मधोमध कोळसा झालेल्या.

धुमसणाऱ्या कापडावर पाणी टाकणं बरोबर, ते थंड करतं. हीच बादली पेटलेल्या थिनरवर टाकली असती तर थिनर पाण्यावर तरंगत पसरला असता आणि आग फळ्यांच्या फटींतून खाली गेली असती. द्रव पेटला असता तर फोम किंवा ड्राय पावडरचं सिलिंडर हवं होतं. ते बोटीवर होतं. टांगलेलं होतं नाळेतल्या झोपायच्या जागेत, त्याच पार्टिशनवर. घ्यायला आतच जावं लागलं असतं.

चौथा निर्णय, रात्री खणात कुणालाही उतरवायचं नाही. मालकांचा मुलगा फोनवर सांगत होता की थिनरचा कॅन बाहेर काढा आणि बांधून टाका. तांडेलाने ऐकलं नाही. झाकण उघडं ठेवलं, वाऱ्याला आपलं काम करू दिलं आणि सकाळी, वास गेल्यावर, कमरेला दोर बांधलेला एक माणूस उतरला, वर दोघे दोर धरून. बंद जागेत सॉल्व्हंटची वाफ माणसाला आधी गुंगी आणते. आत पडलेल्याला काढायला दुसरा जातो आणि तोही पडतो. तांडेल शिकलेला नाही, पण त्याने बर्फाच्या आणि कुजक्या मासळीच्या खणात माणसं बेशुद्ध पडलेली पाहिली होती. तो अनुभव इथे कामी आला.

किनाऱ्यावर मांडलेले पर्याय

मालक घाबरलेले होते आणि म्हणूनच त्यांचा पहिला विचार होता, सगळं फेकून द्या. कुठे, हा प्रश्न. समुद्रात टाकायला मारपोल या, जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट ५ प्रमाणे मनाई आहे, आणि मनाई नसती तरी अँटिफाउलिंगमधे तांब्याचा ऑक्साइड असतो. फळीला शिंपले चिकटू नयेत म्हणून जे विष लावायचं ते खाडीत ओतलं तर खाडीतल्या कालवांवर आणि शिंपल्यांवरही तोच परिणाम होतो. ज्या खाडीत गावातल्या बाया कालवं काढतात तिथे हे करायचं नाही, यावर मालकांनी स्वतःच मान हलवली. किनाऱ्यावर जाळणं त्याहून वाईट.

दुसरा पर्याय मुलाचा. खण तोच ठेवू, झाकणं नीट बसवू, डबे बांधू. हा पर्याय स्वस्त आणि म्हणून मोहाचा. पण झोपायच्या जागेला लागून असलेल्या, खालून हवा नसलेल्या जागेत ज्वालाग्राही द्रव ठेवायचा नाही, झाकण कितीही चांगलं असो. खारी हवा पत्र्याच्या डब्याला तळाच्या कडेपासून खाते आणि रेड ऑक्साइडचा डबा त्याचा पुरावा म्हणून समोरच ठेवलेला होता. या मुद्द्यावर मी हटलो नाही.

तिसरा, सगळं जमिनीवर ठेवायचं आणि बोटीवर काहीच नाही. मला तोच पटत होता. तांडेलाने हरकत घेतली आणि ती रास्त होती. लाकडी बोटीला ट्रॉलचा दरवाजा (जाळ्याचं तोंड उघडं ठेवणारी जड फळी) आपटला की रंग जातो, उघड्या लाकडात पाणी मुरतं, किडा लागायला जागा होते. महिनाभर जखम उघडी ठेवायची का? आणि फायबरच्या खणाला चीर गेली तर बर्फाचं पाणी फळ्यांत जातं.

मग आम्ही प्रत्येक डब्याला एकच प्रश्न विचारला. हा समुद्रावर कधी उघडला जाईल? अँटिफाउलिंग कोरड्या बुडालाच लागतो, म्हणजे बोट वर असतानाच. तो बोटीवर असण्याचं कारणच नाही. फायबरचं काम ओलसर, हलत्या बोटीवर कुणी करत नाही. रेझिन, कॅटलिस्ट, कोबाल्ट तिन्ही गेले. चिरेसाठी एम-सीलसारखी दोन कांड्यांची मळायची पुटी पुरते, तिला ना थिनर लागतो ना कॅटलिस्ट. प्रायमर, पांढरा आणि निळा इनॅमल हे तीनच खरे लागणारे, आणि तेही पाव-पाव लिटर. ब्रश धुवायला थोडं टर्पेंटाइन. एनसी थिनर इनॅमलला लागतच नाही. तो फायबरची अवजारं धुवायला आणलेला होता.

कॅटलिस्ट आणि कोबाल्टबद्दल मी थोडं आवाज चढवूनच बोललो. ही कॅटलिस्ट म्हणजे एमईकेपी, सेंद्रिय पेरॉक्साइड. ती आणि कोबाल्ट कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, स्फोटासारखी क्रिया होते. कोबाल्ट आधी रेझिनमधे पूर्ण ढवळतात आणि कॅटलिस्ट शेवटी घालतात ते याच कारणाने. उन्हाने तापलेल्या खणात, गंजक्या पत्र्यांच्या आणि तेलाच्या सान्निध्यात, दोन्ही बाटल्या एकमेकींना टेकून होत्या. झाकणं टिकली म्हणून ही गोष्ट इथे एका परिच्छेदात संपते आहे. कॅटलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते, हेही फायबरचं काम करणाऱ्या पुष्कळ पोरांना माहीत नसतं.

प्रत्यक्ष काय केलं

डबे उघडून पाहिले तेव्हा पैशाचा मुद्दा आपोआप मऊ झाला. मालकांच्या हिशेबाने चार हजारांचा माल होता. पिवळ्या इनॅमलवर बोटभर जाड साय, प्रायमर दगड झालेला, व्हार्निश अर्धवट घट्ट. अर्ध्या रिकाम्या डब्यात राहिलेल्या हवेतला ऑक्सिजनच रंगावर साय आणतो. अर्धा डबा साठवला की वर्षभराने त्याचा पाव डबा हाती येतो.

जे चांगलं होतं ते लहान, काठोकाठ भरतील अशा नव्या पत्र्याच्या डब्यांत ओतलं. झाकण बसवण्याआधी काठाची खाच चिंधीने पुसली आणि झाकण रबरी हातोडीने चहूकडून ठोकलं. डब्यांना बाहेरून ग्रीसचा हात दिला. प्रत्येकावर मोठ्या अक्षरांत नाव आणि तारीख. नेपाळी पोरंही देवनागरीच वाचतात, त्यामुळे एकच चिठ्ठी सगळ्यांना चालली. हे सुचवलं त्यांच्यातल्याच एकाने.

पाण्याच्या बाटलीतलं टर्पेंटाइन त्याच दिवशी पत्र्याच्या स्क्रू झाकणाच्या कॅनमधे गेलं. बोटीवर रात्री अंधारात तहानलेला माणूस बाटली तोंडाला लावतो. ते पाण्यासारखंच दिसतं. गिळलं गेलं तर उलटी करवायची नाही, कारण ते फुप्फुसात उतरलं की जिवावर बेततं. सरळ दवाखाना गाठायचा, आणि बोट वीस वावात असली तर दवाखाना तासन्‌तास दूर असतो.

डब्यांसाठी मिस्त्रीने फायबरची पेटी केली. जागा ठरवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. नाळ नको, इंजिनचा धुराडा नको, बॅटरी नको, शेगडी नको. शेवटी केबिनच्या बाजूला, डेकवर, सावलीत, कठड्याला बोल्ट मारून बसवली. सांडलेलं धरून ठेवायला तळाशी चार बोटं उंचीचा ट्रे आणि ट्रेच्या लगेच वर दोन्ही बाजूंना भोकं, कारण वाफ जड असल्याने ती खालूनच बाहेर पडायला हवी. मुलाचं म्हणणं होतं की भोकं झाकणाजवळ करू, म्हणजे पाणी जाणार नाही. घरातला गॅस खाली साचतो हे त्याला ठाऊक होतं, तेवढ्यावर तो समजला. डबे हलू नयेत म्हणून जुन्या जाळ्याचे बोळे मधे भरले.

चिंध्यांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा, अर्धा पाण्याने भरलेला. तेल किंवा व्हार्निश पुसलेली चिंधी त्यात बुडवायची आणि बंदरात आल्यावर काढायची. पाणी नसेल तर चिंधी कठड्यावर एकेरी पसरून वाळत घालायची, गोळा करून ठेवायची नाही. आगीचं सिलिंडर नाळेतून काढून सुकाणूच्या केबिनच्या दाराबाहेर लावलं.

कॅटलिस्ट आणि कोबाल्ट दोन वेगळ्या खेपांना फायबरच्या कारखान्यात परत दिले, जिथे ते रोज वापरात असतात. उरलेला थिनरही तिथेच गेला. अँटिफाउलिंग शेजारच्या बोटीने तळाच्या डागडुजीला घेतला, त्यांची बोट तेव्हा वर होती.

पुढे काय झालं

डोकेदुखीच्या तक्रारी थांबल्या. नाळेत खणाला खालून हवेची भोकं पाडली, तिथे आता दोर आणि फ्लोट एवढंच असतं.

पेटीचा पहिला प्रयत्न फसला. भोकांतून पावसाचं आणि लाटेचं पाणी ट्रेमधे साचलं आणि दोन डबे पुन्हा गंजले. मिस्त्रीने भोकांवर बाहेरून खाली उघडणाऱ्या टोप्या बसवल्या आणि ट्रेवर लाकडी पट्ट्यांची जाळी टाकली, म्हणजे डबे पाण्यात उभे राहत नाहीत. तरी आठवड्यातून एकदा ट्रे पुसावाच लागतो. तांडेल ते नेमाने करतो, पण तो रजेवर असताना होत नाही, हे मी पाहिलं आहे.

पुढच्या बंदीत रंगाची खरेदी मोजून झाली. एक लिटर इनॅमल एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरतो. केबिनच्या भिंती टेपने मोजल्या, दोन हातांचा हिशेब केला आणि चार लिटरच्या डब्याऐवजी एक-एक लिटरचे डबे घेतले. लिटरमागे थोडे जास्त पैसे गेले. न उघडलेले डबे दुकानदाराने परत घेतले आणि तिथे हिशेब फिटला.

बंदरातल्या आणखी दोन मालकांनी तशीच पेटी करून घेतली. एकाने मला सांगितलं की आमच्या बापजाद्यांनी नाळेतच ठेवलं. बापजादे काजूच्या सालीचं तेल आणि माशाचं तेल लावत, एनसी थिनर त्यांच्या बोटीत नव्हता. त्या मालकांना हे पटलं असं मी म्हणणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त जागा होती बोट पाण्यात जाण्याआधीची. उधाणाच्या दिवशी कुणाला डबे निवडायला वेळ नसतो, म्हणून निवडण्याचं काम त्याच्या आधीच्या भांगाच्या दिवसांत करायला हवं. तेव्हा पाणी बोटीपर्यंत येतच नाही, माणसं किनाऱ्यावरच असतात. रंग तेव्हा संपलेला नसला तरी कुठला डबा बोटीवर जाणार आणि कुठला नाही हे ठरवता येतं. आता ही बोट तसंच करते. डब्याच्या झाकणावर खडूने फुली म्हणजे किनाऱ्यावर राहणार.

दुसरी जागा डोकेदुखीची. पोरांना वर झोपवण्याऐवजी त्याच दिवशी खण उघडून पाहिला असता तर थिनरचा गळका वॉशर सापडला असता. खलाशाची तक्रार हा बोटीवरचा सगळ्यात संवेदनशील मापक असतो, आणि नेपाळहून आलेला पोरगा ती दोनदा करत नाही.

चिंध्यांनी पुसणाऱ्या पोराला मी दोष देत नाही आणि तांडेलानेही दिला नाही. व्हार्निशच्या डब्यावर धोक्याची सूचना होती. ती इंग्रजीत होती, बारीक अक्षरांत, आणि तिच्यावरून पिवळा रंग ओघळलेला होता.

झाकण उघडण्याच्या निर्णयावर माझं आणि बंदरातल्या एका जुन्या इंजिनमिस्त्रींचं अजून एकमत नाही. त्यांच्या मते आधी पार्टिशनच्या फटींतून पाणी मारायला हवं होतं, झाकण शेवटी. माझ्या मते त्यासाठी माणूस झोपायच्या जागेत उभा करावा लागला असता, वाफेत. तांडेलाने झाकण थोडं उचलून पाणी आधी टाकलं यात दोघांचंही थोडं थोडं आलं.

सुटलेली नाही ती रिकाम्या डब्यांची आणि वाया गेलेल्या रंगाची गोष्ट. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे टाकलेले डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, ते वेगळे गोळा व्हायला हवेत. शहरात ते निदान कागदावर आहे. या गावात घंटागाडी येते ती ओला-सुका एवढंच घेते. साय आलेला रंग आम्ही भुशात कालवून उघड्यावर, सावलीत, पूर्ण सुकवला, कारण घट्ट झालेला रंग गळत नाही आणि सहज पेटत नाही. ते सुके डबे सध्या मालकांच्या कलमांच्या बागेतल्या शेडमधे, घरापासून लांब, एका पिंपात आहेत. सोसायटीने गोडाऊनशेजारी पत्र्याची एक वेगळी, हवेशीर खोली बांधावी आणि वर्षातून एकदा सगळ्या बोटींचा असा कचरा एकत्र करून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावा, असा अर्ज मालकांनी आणि मी मिळून दिला आहे. सोसायटीच्या बैठकीत तो दोनदा वाचला गेला. खोलीच्या जागेवरून वाद आहे. पिंप जवळजवळ भरलं आहे.